सांदण, अँटेना आणि कादरभाई

(दृश्य: दाभोळची जेटी. फेरीबोट सुटण्याच्या बेतात.)

दाभोळ. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. मागे दिसतोय तो अंडा मशिदीचा घुमट, आदिलशाहीतला. येणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. आपण मात्र आलोय एका टीव्हीसाठी, आणि त्यावर दिसणाऱ्या मुसलमान माणसांसाठी.

माझं आजोळ इथलंच. १९८६ साली आमच्या वाडीत टीव्ही एकच, चाचीकडे. चाचा कुवेतला नोकरीला होता, त्याने येताना रंगीत संच आणला. कौलांवर अँटेना चढली. जरा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने वर चढायचं आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

(दृश्य: जुन्या घराची पडवी. परातीत सांदणं, तांदळाची वाफवलेली.)

त्या पडवीत बसून आम्ही 'नुक्कड' पाहिलं. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची मालिका. त्यात कादरभाई होता, हॉटेलवाला. अवतार गिल ती भूमिका करायचे. करीम हजाम होता, जावेद खान. नाक्यावरची मंडळी कादरभाईकडे चहा प्यायची आणि त्याची बोलणीही खायची. तो मुसलमान आहे म्हणून कुणी त्याच्याबद्दल भाषण दिलं नाही. तो फक्त हॉटेल चालवायचा. आमच्या जेटीवरचा हॉटेलवाला चालवतो तसंच.

चाचीला कादरभाई पटायचा. इतर मालिकांतले अम्मीजान-अब्बाजान, डोळ्यांत सुरमा, तोंडी शायरी, हे आलं की ती म्हणायची, "हा कुठला रे? लखनौचा असंल." तिच्या घरात बोलणं कोकणी. आडनाव नाईक. पोस्टमनला दरवेळी विचारावं लागायचं, कुठले नाईक, वरचे की मशिदीजवळचे?

१९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी तिच्या पायरीवर चपला मावायच्या नाहीत. एकदा वरच्या वाडीतली आजी हार घेऊन आली, टीव्हीला घालायला. हात पोचेना. चाचीने आतून स्टूल आणून दिलं आणि ते डुगडुगतं म्हणून आजी उतरेपर्यंत धरून उभी राहिली. १९८८च्या ऑक्टोबरात 'महाभारत' लागलं. "मैं समय हूँ" ऐकताना हे संवाद राही मासूम रझांनी लिहिलेत, हे पडवीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तरी सांदणाची वाटणी तशीच झाली असती.

(दृश्य: फेरीबोट पाण्यात. समोर धोपावे.)

आता जरा लांबचं. कॅनडात, ९ जानेवारी २००७ला, सीबीसी वाहिनीवर 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' नावाची विनोदी मालिका लागली. झर्का नवाज या लेखिकेची निर्मिती. मर्सी नावाचं काल्पनिक गाव आणि चर्चचा हॉल भाड्याने घेऊन भरणारी मशीद. पहिला भाग सुमारे २१ लाख लोकांनी पाहिला. मालिका २०१२पर्यंत चालली, ९१ भाग.

त्यातला तरुण इमाम पहिल्याच भागात विमानतळावर फोनवर आईला सांगतो, वकिली सोडणं ही बाबांना आत्महत्या वाटत असेल तर वाटू दे. रांगेतल्या बाईने ते ऐकलं आणि पोलीस आले! पण मला जास्त आवडतं ते पुढचं भांडण. नमाजाच्या खोलीत बायका-पुरुषांमध्ये पडदा हवा की नको, यावर गावातले मुसलमान आपापसातच जुंपतात. एकमेकांशी भांडणारी, चुकणारी, हट्टी माणसं. देवमाणूस एकही नाही. 'चांगलं' दाखवणं म्हणतात ते मला यात दिसतं. नाहीतर मालिकेत वर्षातून एकदा ईदचा शीरकुर्मा घेऊन येणारा शेजारी असतोच. तो वाटी ठेवतो, सगळे हसतात, आणि तो पुढच्या ईदपर्यंत गायब. त्याच्या घरी काय शिजतं, आंब्याच्या कलमांच्या हद्दीवरून त्याचं भावाशी किती वर्षं वाजलंय, कुणी विचारत नाही.

(दृश्य: तीच पडवी, संध्याकाळ. भिंतीवर सपाट टीव्ही.)

चाची आता ऐंशीच्या पुढे आहे. चाचा गेला, कुवेतचा संच भंगारात गेला. रोज संध्याकाळी ती मराठी मालिका बघते, एकापाठोपाठ तीन. मी विचारलं, "चाची, यात तुझ्यासारखं घर कधी दिसत नाही. काही वाटत नाही?"

तिने हात वर केला.

"थांब जरा. सासू बोलतेय. जाहिरात लागली की विचार."