लॅपटॉप घ्यायच्या आधी एक महिना

नमस्कार मंडळी. दसरा-दिवाळी जवळ आली की पेपरात पानभर लॅपटॉपच्या जाहिराती यायला लागतात आणि घराघरात तोच विषय निघतो, पोरांना आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा का? कोणी म्हणतं पाचवीतच घ्या, कोणी म्हणतं आठवीत, कोणी म्हणतं दहावी होऊ दे. २०२० साली शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा एवढा विचार करायला वेळच नव्हता, ज्यांना जमलं त्यांनी मिळेल ते घेतलं आणि ज्यांना नाही जमलं त्यांच्याकडे एका मोबाइलवर तीन-तीन पोरं बसली. आता तसं नाहीये. शाळा भरतेय, वही आहे, बालभारतीची पुस्तकं आहेत, हवी तर त्यांची पीडीएफही फुकट मिळते, त्यामुळे आता शांतपणे ठरवता येतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की हे इयत्तेवरून ठरवू नका. महिनाभर घरात नीट बघा आणि मग ठरवा. परत सांगते, इयत्तेवरून नाही, बघून.

आता बघून म्हणजे काय, तर त्यासाठी मला पुण्यात कर्वेनगरमधल्या एका घराची गोष्ट सांगायचीय, मी ती भेटेल त्याला सांगते.

आमच्या चांगल्या ओळखीचं घर आहे. आई-बाबा दोघंही नोकरीला, दादा नववीत, धाकटी सातवीत आणि आजी. आजी सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या, सगळी नोकरी मराठी टाइपरायटरवर काढली. घरात एक जुना डेस्कटॉप, हॉलच्या कोपऱ्यात, चालू केला की बराच वेळ नुसता घरघरत बसायचा. दादाचं पालुपद एकच, वर्गात सगळ्यांकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, मलाच नाही, नववीचं वर्ष आहे. बाबा वैतागले आणि म्हणाले ठीके, गणपतीत ऑफर येतात तेव्हा हप्त्यावर घेऊन टाकू.

आजी म्हणाल्या, घ्या की, पण गणपतीला घ्यायचाय ना, मग आधीचा श्रावण तुम्ही सगळ्यांनी लिहून काढायचं. त्यांनी काय केलं, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं आणि डेस्कटॉपच्या बाजूच्या खिळ्याला अडकवलं, दोरीने पेन्सिल बांधली. आपण दुधाचे खाडे मांडतो ना त्या चौकटीत, तसं तिथे मांडायचं. जो कॉम्प्युटरवर बसेल त्याने नावाचं अक्षर लिहायचं, काय काम केलं ते दोन शब्दांत, आणि हे काम फोनवर किंवा वहीत झालं असतं का तेही लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट ऐका, ज्याला बसायचं होतं पण बसायला मिळालं नाही त्याने स्वतःच्या नावापुढे फुली मारायची.

सुनेने विचारलं, फुली कशाला? तर आजी म्हणाल्या, आमच्या ऑफिसात सगळ्या सेक्शन मिळून एकच मराठी मशीन होतं. झालेली पत्रं मोजली तर वाटायचं मशीन पुरतंय, मस्त चाललंय. कोणाची पत्रं राहिली त्याचं रजिस्टर उघडलं की कळायचं पुरतंय का नाही ते.

मला हे इतकं पटलं, म्हणजे सरकारी ऑफिसातली एक टायपिस्ट बाई जे सांगतेय ते लॅपटॉपच्या कुठल्याही जाहिरातीत तुम्हाला सापडणार नाही.

तर श्रावण सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दादाने चौकटी भरून टाकल्या, द द द सगळीकडे. गणिताचा व्हिडिओ बघितला. पीडीएफ उघडली. उत्तरं बघून वहीत उतरवली. आणि पुढे स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय, फोनवर झालं असतं. पोरगा खोटं बोलणारा नाही, हे मला त्यात आवडलं. महिन्याभरात खरंच कीबोर्ड लागला असा त्याचा इतिहासाचा एक प्रेझेंटेशन होता, बाकी दोन-चार प्रिंट काढायच्या होत्या, त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे निघतात.

(इथे जरा बाजूचं बोलते, पण बोलायला हवं. हा अभ्यास रात्री दहाला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची जी पद्धत पडलीय ना ती बंद व्हायला पाहिजे. अभ्यास वर्गात, डायरीत लिहून द्यावा. अर्ध्या घरांत कॉम्प्युटर हवा असं वाटायला लागतं ते अभ्यासामुळे नाही, त्या रात्रीच्या मेसेजमुळे.)

असो. फुल्या कोणाच्या होत्या? सगळ्या धाकटीच्या. तिने लॅपटॉप मागितला नव्हता, एकदाही नाही. घरात तो विषय निघाला की ती गप्प बसायची, कारण विषय दादाचा होता.

आणि ती करत काय होती, तर पाऊस मोजत होती! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने सरळ कडांची एक काचेची बरणी गच्चीवर मोकळ्यावर ठेवली होती, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली. तिची शाळा दुपारची, त्यामुळे रोज सकाळी साडेआठला वर जायचं, आकडा घ्यायचा, बरणी रिकामी करायची. साडेआठलाच का, तर वेधशाळासुद्धा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. मग पेपरातून शिवाजीनगरचा आकडा, पश्चिमेकडच्या पाषाणचा आकडा, पूर्वेकडच्या लोहगावचा आकडा, असं सगळं शेजारी शेजारी लिहायचं. शिवाजीनगरचं ते वेधशाळेचं ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून आपण आजही सिमला ऑफिस चौक म्हणतो, हे तिने मला सांगितलं, सातवीतल्या मुलीने! पुण्यात पश्चिमेला पाऊस जास्त आणि पूर्वेकडे जावं तसा कमी होत जातो, ते तिला स्वतःच्या आकड्यांत दिसतं का बघायचं होतं.

आता सांगा, चार रकाने, महिन्याभराच्या ओळी आणि त्यावरून आलेख, हे फोनवर होतं? ती करत होती. आईचा फोन रात्री जेवणं झाल्यावर मिळायचा, त्यावर अंगठ्याने एकेक आकडा भरायचा, एक रकाना बघायला गेलं की दुसरा दिसेनासा होतो, चुकून बोट लागलं की आकडा पुसला जातो. डेस्कटॉपवर बसली की दादा यायचा, ऊठ, माझं नववीचं आहे. बाबा यायचे, ऊठ गं दोन मिनिटं, बिल भरायचंय. आई यायची. ती उठायची. कोणी रागावून उठवलं नाही हां तिला, घर चांगलंय, सगळे प्रेमाने वागतात, पण उठायची तीच. आणि उठून फुली मारायची. कालनिर्णय टांगलं नसतं तर हे कोणाला दिसलंच नसतं.

पोळ्याच्या दिवशी, म्हणजे श्रावणाची अमावस्या, रात्री आजींनी चष्मा लावून सगळ्यांसमोर महिना वाचून दाखवला. आधी नोंदी वाचल्या, मग फुल्या वाचल्या. बाबा काही बोलले नाहीत. दादा दोन दिवस घुश्शात होता, आणि मग त्यानेच येऊन सांगितलं, तिचं आधी करा, पण मला माझा एक तास ठरवून द्या, मध्ये कोणी उठवायचं नाही.

बरं मग घेतलं काय? नवीन काहीच नाही. बाबांनी टिळक रोडवर जाऊन जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे खूप वेगाने चालणारी डिस्क, घातली, रॅम आठ जीबी केली, नव्या लॅपटॉपच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि त्या मशीनवर विंडोज ११ चालत नव्हतं, म्हणून दादाने पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, टाकलं, स्वतः वाचून, स्वतः करून, आणि मला विचाराल तर त्याला त्या एका रविवारी जेवढं कळलं तेवढं महिनाभराच्या व्हिडिओत कळलं नव्हतं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं. संध्याकाळी साडेपाच ते सात धाकटी, सात ते आठ दादा, बिलं बाबांनी फोनवर भरायची. दादाने अकरावीला आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर त्याला स्वतःचा घ्यायचा, हेही तेव्हाच ठरलं.

आणि आजी. आजींनी नातीला दहा बोटांनी मराठी टाइप करायला बसवलं. त्यांचे हात टाइपरायटरच्या जुन्या लेआउटवर बसलेले, त्यामुळे इनस्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मराठी कीबोर्ड, त्यांना नव्याने शिकावा लागला, पण शिकल्या. इनस्क्रिप्ट सोपं आहे हो, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ते विंडोजवर असतं, लिनक्सवर असतं, फुकट असतं. माझं ठाम मत आहे, ज्या मराठी मुलाला कॉम्प्युटर मिळेल त्याला पहिल्या महिन्यात हे शिकवा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय एकदा लागली की ती जात नाही, आणि मग मुलं निबंध टाइप करायचा म्हटलं की टाळतात. पुण्यात सीडॅक ही सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था आहे, इथेच १९९१ मध्ये परम सुपरकॉम्प्युटर झाला, आणि या गावातल्या मुलांना आपल्या भाषेत टाइप करता येत नाही हे मला सहन होत नाही.

वेळ संपत आली, तर मुख्य मुद्दे पटापट.

महिनाभर लिहा. कीबोर्ड खरंच कशाला लागला ते लिहा, आणि राहिलेलं काम लिहा. नुसतं बघायचं-वाचायचं काम असेल तर घरातला फोन किंवा एक सामायिक कॉम्प्युटर पुरतो. वेळा ठरवून दिल्यावरसुद्धा दर आठवड्याला फुल्या येतच राहिल्या, तर समजा की त्या मुलाला स्वतःचा घ्यायची वेळ झाली, मग ते सातवीत असो नाहीतर दहावीत. जो मागतोय त्यालाच गरज आहे असं धरून चालू नका. न मागणाऱ्याकडे आधी बघा, आणि घरात मुलगी असेल तर तिच्याकडे नक्की बघा.

एक अपवाद. ज्या मुलाला हाताने लिहिणंच फार जड जातं, डिसग्राफिया वगैरे असेल, त्याच्यासाठी कीबोर्ड हे लिहायचं साधन आहे. तिथे महिना मोजत बसू नका, शाळेशी आणि तज्ज्ञांशी बोला आणि लवकर द्या.

ऑफिसचा लॅपटॉप मुलांना देऊ नका. हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्या आई-बाबांना मुद्दाम सांगते, त्यात कंपनीचं काम असतं, बहुतेक कंपन्यांच्या नियमात ते बसत नाही, आणि मुलाने चुकून काही डाउनलोड केलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

पहिला कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवा, बेडरूममध्ये नको. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा सगळा मिळून वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि सगळा मिळून म्हणजे त्यात टीव्ही आणि फोनही आला. हॉलमध्ये असला की हे बघायला वेगळं काही करावं लागत नाही.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला, घेत असाल तर दुकानातच बॅटरी किती टिकते ते बघा, सगळ्या की दाबून बघा, कॅमेरा-माइक चालवून बघा, आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. डेस्कटॉप घेतला तर लाइट गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा छोटा यूपीएस घ्या, आपल्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे तुम्हाला सांगायला नको. आणि प्रोजेक्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर, रोज, झोपायच्या आधी. धाकटीच्या पावसाच्या आकड्यांची होती, म्हणून नवीन एसएसडी घालताना जुनी डिस्क काढली तरी तिची एक ओळही गेली नाही.

बस, इतकंच. नमस्कार.