कुंपणापासून सरपणापर्यंत

[जुबा शहर, वरून. पत्र्याची घरं, लाल मातीचे रस्ते.]

१५ डिसेंबर २०१३ची रात्र. दक्षिण सुदान स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपाध्यक्ष रिएक मचार यांच्यातलं वैर राजधानी जुबातल्या लष्करी छावणीत पेटलं आणि दुसऱ्या दिवशी वस्त्यांमध्ये शिरलं. कीर डिंका जमातीचे, मचार न्युएर जमातीचे. सरकारी शिपाई घरोघरी न्युएर पुरुष हुडकत होते. कपाळावर आडव्या समांतर रेषांचे व्रण दिसले की ओळख पटली. व्रण नसतील तर डिंका भाषेत काहीतरी विचारायचं. उत्तर देता आलं नाही, की माणूस गेला.

लोक धावले ते संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे. तळ म्हणजे कचेऱ्या, कंटेनरच्या खोल्या आणि गाड्या लावायची जागा. हजारो माणसांची सोय तिथे कुठून असणार? तरीही फाटकं उघडली गेली.

हे सहज घडलं असं कुणी समजू नये. एप्रिल १९९४मध्ये, रवांडातल्या वंशसंहाराच्या वेळी, राजधानी किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत दोन हजारांच्या आसपास माणसं संयुक्त राष्ट्रांच्या बेल्जियन शांतिसैनिकांच्या भरवशावर थांबली होती. सैनिकांना परतीचा हुकूम आला, ते निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांची कत्तल झाली. पुढच्याच वर्षी बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा, तिथेही शांतिसैनिकांच्या भरवशावर राहिलेल्यांची कत्तल झाली. जुबात त्याची पुनरावृत्ती टळली, ती त्या उघड्या फाटकांमुळे.

[बेंटिऊ. पाण्यात उभी असलेली ताडपत्रीची खोपटी.]

चार-दोन आठवड्यांत लोक घरी जातील, असा सगळ्यांचा होरा होता. प्रत्यक्षात देशभरातल्या अशा तळांवरची संख्या दोन लाखांच्या वर गेली. उत्तरेकडच्या एकट्या बेंटिऊ शहराच्या तळावर लाखभर. २०१४च्या पावसाळ्यात ती सखल जागा पाण्याखाली गेली. गुडघाभर पाणी, त्यात संडासांची घाण मिसळलेली. लेकरं कडेवर घेऊन आया उभ्यानेच झोपत, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. बाहेर पडावं तर बंदुका. मग लोकांनी पाणीच पत्करलं.

आता कुंपणाबद्दल. आत मदतीची ज्वारी मिळायची, पण ती शिजवायला सरपण कुठे होतं? त्यासाठी कुंपणाबाहेर, दूरवर रानात जावं लागे. जायचं कुणी, यावर घराघरात एक हिशेब मांडला जाई, आणि बायका तो उघडपणे सांगत: पुरुष गेला तर ठार मारतील, बाई गेली तर बलात्कार होईल, पण बहुधा जिवंत परत येईल. म्हणून बायका जात.

नागरिकांचं संरक्षण या भारदस्त शब्दांचा खरा कस लागतो तो इथे. चिलखती गाडीपेक्षा इथे साध्या गोष्टी जास्त उपयोगी पडल्या. बायका कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेने जाणार हे त्यांनाच विचारून गस्तीची वेळ ठरवायची. काही स्वयंसेवी संस्थांची माणसं तर हत्याराशिवाय, नुसती सोबत म्हणून त्यांच्याबरोबर चालत गेली. साक्षीदार असला की हल्लेखोर कचरतो, एवढ्याच भरवशावर. नोव्हेंबर २०१८मध्ये, शांतता करार होऊन दोन महिने झाल्यावर, बेंटिऊजवळ दहा दिवसांत सव्वाशे स्त्रिया आणि मुली लैंगिक अत्याचारानंतर उपचारासाठी आल्या. बहुतेकींवर रेशन आणायला जाताना किंवा येताना हल्ला झाला होता. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने गस्त वाढवली आणि रस्त्याकडेची झाडी तोडायला घेतली, कुणाला दबा धरता येऊ नये म्हणून. ही युक्ती आधी का सुचली नाही, असा प्रश्न पडतोच.

[जुबा, जुलै २०१६. धुराचे लोट.]

आणि कुंपणाला लागून असलेल्या जागेचं काय? जुलै २०१६मध्ये जुबात पुन्हा लढाई भडकली, तेव्हा तळाजवळ बायकांवर अत्याचार झाले आणि शांतिसैनिक जागचे हलले नाहीत. किलोमीटरभर अंतरावरच्या एका हॉटेलात मदत संस्थांचे कर्मचारी अडकले होते. फोनवर फोन आले, पण तुकडी निघाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत याचा ठपका ठेवला गेला आणि शांतिसेनेच्या सेनापतींना जावं लागलं. त्या तळावर चार देशांची पथकं होती, त्यांत भारताचंही होतं. २०१३च्या डिसेंबरात अकोबोच्या तळावर आश्रितांसह दोन भारतीय जवान मारले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग २०१६ही सांगायला हवं.

न्यायाच्या आघाडीवर थोडक्यात आटपतं. कीर आणि मचार यांच्यातल्या २०१५च्या शांतता करारात आफ्रिकन संघाच्या पुढाकाराने एक विशेष न्यायालय स्थापायचं ठरलं, २०१८च्या करारात ते पुन्हा लिहिलं गेलं. ते उभं राहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०१६मध्ये नेमलेला आयोग मात्र जबान्या घेत आला आहे आणि पुरावे जपून ठेवत आला आहे.

[बेंटिऊ, फाटक.]

२०२०पासून शांतिसेनेने एकेक तळ सरकारच्या हवाली करायला सुरुवात केली. मलकाल शहरातला तेवढा शांतिसेनेकडे राहिला. बाकीच्या ठिकाणी फाटकावर आता सरकारचेच पोलीस आले. आतली बरीच माणसं सरकारी सैन्याच्याच भीतीने तिथे आली होती. घरी परतण्याचं त्यांना सांगून झालं, वाहनंही देऊ केली गेली. काही गेले. पुष्कळजण तिथेच राहिले.