मामाचा तांब्या आणि पेटलेला समुद्र

नमस्कार श्रोतेहो. आज समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाविषयी बोलायचंय. बेळगावात बसून समुद्र कशाला, म्हणाल. अहो, खानापूरच्या रानात पडलेलं पाणी म्हादईतून पणजीला समुद्रालाच मिळतं की! आणि किनाऱ्यावरच्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घाट चढून आपल्या कॅम्पात येतात.

पण आधी मामाचा तांब्या.

मी दहा वर्षांचा असेन. भाऊबीजेला मामा मला घेऊन वेंगुर्ल्याला मावशीकडे गेला. रात्री जेवून किनाऱ्यावर आलो, तर लाट फुटली की निळा उजेड! मामाने वाळूत पाय आपटला, तर पायाखाली ठिणग्या. "अरे, समुद्र पेटला!" म्हणून मामा ओरडला. मावशी म्हणाली, "खुळो झालस काय रे?" पण मामाला ते बेळगावला न्यायचंच होतं. फिरकीचा पितळी तांब्या भरला, फिरकी घट्ट आवळली. (हल्ली प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन हिंडतात. तांब्याची सर नाही त्यांना.) दुसऱ्या दिवशी एसटीत, आंबोलीचा अख्खा घाट, तांब्या मामाच्या मांडीवर.

रात्री गल्ली गोळा झाली. दिवे घालवले. मामाने पाणी परातीत ओतलं. मिट्ट काळोख, आणि कुजक्या मासळीचा वास. आजी म्हणाली, "काय करायलास रे अंधारात? समुद्राचं पाणी पवित्र असतंय, तुळशीला घाल जा." घातलं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरीच वाळली! आजी मामाशी कार्तिकभर बोलली नाही. पाणी घालायला सांगितलं कुणी, हे विचारायची कुणाची छाती?

तो उजेड या सूक्ष्म शेवाळाचाच. मग विझला का? बंद भांडं, तापलेली एसटी आणि पितळेतलं तांबं. शेवाळ मारायला मोरचूद वापरतात, त्यातही तांबंच असतं. भोवताल बदलला की हे जीव टिकत नाहीत.

तो जीव नॉक्टिलुका. फार माजला तर त्याच्या अमोनियाने मासे मरतात, पण शेवाळ खाणाऱ्या तिसऱ्यांतून माणसाला बाधणारं विष तो करत नाही. ते करणारा एक आहे अलेक्झांड्रियम. त्याचं विष सॅक्सिटॉक्सिन. ऊन, खत, संथ पाणी मिळालं की तो वाढतो. पण वाढ वेगळी, विष वेगळं. फॉस्फरस संपला आणि नत्र उरलं, की पेशींची वाढ थांबते, विष मात्र बनत राहतं आणि एकेका पेशीत साठतं. या विषाच्या एका रेणूत नत्राचे 7 अणू असतात, म्हणून नत्र शिल्लक असलं की त्याचं फावतं. (उसाला नुसता युरिया मारणाऱ्यांना मी सांगून थकलो, तोल सांभाळा म्हणून.) गार पाण्यात वाढ मंदावली तरी बरेचदा तेच. पुन्हा सांगतो, वाढ वेगळी, विष वेगळं. शेवाळ माजून पाणी लाल दिसलं म्हणजे विषारी असं नाही, आणि स्वच्छ दिसलं म्हणजे निर्धोक असंही नाही.

स्यूडोनिट्झ्शिया नावाच्या दुसऱ्या शेवाळाला सिलिका (वाळूत असते ती) कमी पडली की विष वाढतं. 1987 साली कॅनडात त्याच्यामुळे शिनाणे (काळपट लांबट शिंपले) खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली. आपल्याकडे 1983 साली मंगळूरजवळच्या कुंबळ्यात शिंपल्या खाऊन एक मुलगा दगावला, तो अलेक्झांड्रियमसारख्याच शेवाळाच्या विषाने.

आणि उकळून हे विष जात नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू सुटते, विष नाही. खाल्ल्यावर ओठ, जीभ मुंग्या येऊन बधिर झाली तर घरचा काढा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

मामाने हे सगळं ऐकलंय. म्हणून तिसऱ्या घेताना तो मासळीवालीला दरवेळी विचारतो, "कुठल्या पाण्यातल्या गं?" ती तोलता तोलता म्हणते, "समुद्रातल्याच की हो मामा, विहिरीत मिळतात होय?"