आजीचा विश्वास कमी पडला का?

मंडळी, जय ख्रिस्त!

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिलीत. मला ओळखणारे आत्ताच चहाची चौकशी करू लागलेत.

गेल्या आठवड्यात जेवताना नातीने विचारलं, "आजोबा, आजीचा विश्वास कमी आहे म्हणून तिला डायलिसिस लागतं का?" मोबाईलवर कुणी प्रचारक सांगत होता म्हणे, खरा विश्वास असला की आजार टिकत नाही. आजी समोरच होती. ती काही बोलली नाही, वाटीतलं वरण नुसतं ढवळत राहिली. मग घरात व्हायची ती वादावादी झाली. मुलगा म्हणाला, "ऐकू द्या हो बाबा. सिद्धांत-बिद्धांत पाळकसाहेब बघतील."

अरे, पाळकसाहेबांना रविवारची वीस मिनिटं, आणि मोबाईल दिवसभर!

लोक सुशिक्षण ऐकणार नाहीत, कानांची खाज जिरवणारे शिक्षक जमवतील, हे प्रेषित पौलाने आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, लिहिलं ते बायबलमधल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. त्याच अध्यायात खाली तो लिहितो की माझा सोबती त्रफिम याला मी मिलेत शहरात आजारी सोडून आलो. म्हणजे पौलाचाही विश्वास कमी पडला? खुद्द तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. (आपल्या काही बंधूंना हे एकच वचन तोंडपाठ आहे.) तुझ्या पापामुळेच तुझे हाल, असं निर्दोष ईयोबाला सुनावणाऱ्या मित्रांवर तर देव संतापला होता. बरं वाटावं म्हणून मीही रोज गुडघे टेकतो. पण आजाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारी शिकवण मला मान्य नाही.

आणि सिद्धांत पाळकसाहेबांवरच सोडायचा? पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला आहे, असं अरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता. ३२५ साली नायसियाला जमलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की तो पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे स्वतः देवच आहे. हा काय नुसता पंडितांचा वाद? देवच माणूस होऊन आपल्या दुःखात उतरला नसेल, तर डायलिसिसच्या खाटेजवळ बसून मी हिला सांगू काय?

आणि आपण? नाताळच्या पहाटेची ती ढोलकी, त्या झांजा आठवल्या की डोळे भरून येतात. करंज्यांना सगळं इंदूर लोटतं, कमिटीच्या निवडणुकीला तर रुसवेफुगवेसुद्धा वेळेवर हजर! बायबल क्लासला मात्र चार डोकी, त्यातलं एक कुलूप उघडणाऱ्याचं. मी तरी कुठला मोठा? उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना पंतय पिलाताच्या नावापर्यंत पोचलो की मला सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस दिसायला लागतो.

संडे स्कूलला दोन शिक्षक हवेत. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत शिकवा, पण शिकवा. नावं आजच द्या. आता या शिक्षकांना शिकवणार कोण, ते मला अजून सुचलेलं नाही.