बसऱ्याला गेलेला माणूस
(दापोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, कोकणातल्या कित्येक गावांत शाळेच्या किंवा जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. ती माणसे कोण होती, कोणत्या वाडीतली होती, हे त्या पाटीवरून कळत नाही, आणि आज मला बोलायचे आहे ते पाटीवरच्या त्या दुसऱ्या आकड्यातल्या एखाद्या माणसाविषयी.

हा माणूस पलटणीत का गेला, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पावसाचे एक भातपीक, वरकस जमिनीवरची नाचणी आणि त्यातूनही खोताचा वाटा वजा झाल्यावर भाऊबंदांच्या वाट्याला जे उरत असे, त्यात वर्ष निघत नव्हते. त्यामुळे धाकट्या भावाने मुंबईच्या गिरणीत जायचे किंवा पलटणीत नाव नोंदवायचे, ही घरोघरची रीत होती. पायदळातल्या शिपायाला 1914 साली महिना 11 रुपये पगार होता आणि मनीऑर्डरने येणाऱ्या त्यातल्या चार-पाच रुपयांवर मागे घर चालत असे. तो बंदरापर्यंत चालत जाई, पडावातून आगबोटीवर चढे आणि मुंबई गाठे. पावसाळ्यात या किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत, तेव्हा टपालालाही घाटवाटेने फिरून यावे लागे आणि चार महिने घरचे जीव टांगणीला लागत. येथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या इथल्या महार समाजासाठी सरकारने 1890 च्या दशकात भरतीचे दार बंद केले होते, आणि युद्धात माणसे कमी पडू लागल्यावर 1917 साली त्याच समाजातून 111 क्रमांकाची महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर तीही मोडली गेली.

सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरल्या. घरची माणसे मात्र ‘तो बसऱ्याला गेला’ एवढेच म्हणत. बसरा नोव्हेंबर 1914 मध्ये हाती आले. पुढच्या वर्षी फौज बगदादच्या दिशेने सरकली आणि नोव्हेंबर 1915 मध्ये सलमान पाकजवळच्या लढाईत लढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरून तिग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत या गावी आले आणि 7 डिसेंबरला तुर्की सैन्याने त्यांना वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने टिकला. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेची सुमारे 23,000 माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. आत अन्न संपत आले तेव्हा घोडे मारण्यात आले. पुष्कळशा हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि भाजीपाला नसल्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही हा रोग पसरला. भाताच्या पेजेवर वाढलेला आपला माणूस खंदकाजवळचा रानपाला खुडून आणत होता आणि शेवटी मूठभर जवाच्या पिठावर पहारा देत होता. शरणागती झाली 29 एप्रिल 1916 रोजी. नोकरचाकरांसह सुमारे 13,000 माणसे कैद झाली आणि ऐन उन्हाळ्यात त्यांना वाळवंटातून रेल्वेच्या कामांवर चालत नेण्यात आले. या वाटेवर आणि त्या कामांवर हजारो मेले. त्यांना गोळी लागली नव्हती. भूक, हगवण आणि थकवा यांनी ते गेले.

या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला 1929 साली स्मारक उभारले गेले. त्यावर 40,000 हून अधिक मृतांची स्मृती आहे. इंग्रज शिपायांची नावे तेथे कोरली आहेत आणि हिंदी सुभेदार-जमादारांचीही आहेत. पण हिंदी शिपायाच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या कोरली गेली. म्हणजे गावच्या पाटीवर तो संख्या आणि तिकडे बसऱ्यालाही संख्याच. युद्धमृतांची स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. माझ्या मते ती फार उशिरा आली, तरी ती आली हे बरे झाले. कारण नावे हरवलेली नव्हती. नोंदवह्यांत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचे नाव व गाव यांची नोंद आहे. फक्त इंग्रजी स्पेलिंगमुळे आपली गावे अशी काही बदललेली असतात की, ओळखायला त्या पंचक्रोशीतलेच कोणी लागते.

नोंदवहीतली अशी नावे आणि गावे जुळवण्याच्या कामासाठी मी किनाऱ्यालगतच्या एका घरी गेलो होतो. तिथल्या आजींनी देवघरातून एक जड धातूची तबकडी काढून दिली. मृत सैनिकांच्या घरी पाठवल्या गेलेल्या काशाच्या स्मृतिचिन्हांपैकी ती एक होती. व्यास बारा सेंटीमीटर, एका बाजूला सिंह आणि हातात माळ घेतलेली स्त्री, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव. या चिन्हांवर हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, कारण सर्वांचे मरण सारखे मानले गेले. ज्याचे नाव दगडावर आले नाही, त्याचे ते या घरात शंभर वर्षे होते. पण घरात कोणाला इंग्रजी येत नसल्यामुळे सासरच्या तीन पिढ्यांतल्या बायकांनी सणासुदीला ती तबकडी पूजेच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली होती, आणि अक्षरे जवळजवळ सपाट झाली होती. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली, तेव्हा नाव उमटले.

ते आजींच्या सासऱ्यांचे चुलते होते. नोंदवहीत त्यांची पलटण सापडली आणि तारीखही सापडली, ती 1916 च्या जुलैतली, म्हणजे शरणागतीनंतरची, कैदेतली. ते लढाईत पडले असेच घरात सांगितले जात होते. मी खरे ते सांगितले. आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे तारीख मिळाली ना?” मरणाची तिथी ठाऊक नसल्याने त्या घरात त्यांचे पान दरवर्षी सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जात होते. आजींच्या मुलाने जुन्या पंचांगावरून तिथी काढली, आणि गेल्या पितृपक्षात त्यांचे पान प्रथमच त्यांच्या स्वतःच्या तिथीला वाढले गेले.