गच्चीचं दार खालून बघा

नमस्कार मंडळी.

आज सकाळी दोरीवरचा टॉवेल काढला आणि तो चक्क कडक होता, वाळून खडखडीत. चार महिने ज्याला कुबट वास मारत होता तोच हा टॉवेल. टॉवेल असा वाळायला लागला की समजायचं, घरातलं लाकूडसुद्धा वाळायला लागलं, पावसाळ्यात हिसके देऊन उघडावं लागणारं कपाट आता एका बोटाने उघडतंय की नाही बघा. तर दाराचं काम काढायचं असेल तर ते ह्याच दिवसात, दिवाळी ते होळी. आणि आज मी एकाच दाराबद्दल बोलणार आहे, गच्चीत उघडणारं, किंवा कोणाचं भाग्य थोर असेल आणि तळमजल्याला मागे चार कुंड्यांची बाग असेल तर तिकडे उघडणारं लाकडी दार. घरातली बाकीची दारं काय, घरजावयासारखी, ना ऊन ना पाऊस. ह्या बिचाऱ्याची एक बाजू आपल्या फॅनखाली आणि दुसरी वर्षभर उघड्यावर. आपल्याकडे मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो काही सरळ पडत नाही, नैऋत्येकडून वाऱ्यासोबत आडवा येतो, म्हणजे दाराचं तोंड पश्चिमेला असेल तर सगळा मार त्याच्या अंगावर.

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. दार घेताना खालून बघा. समोरून सगळेच बघतात, तुम्ही खालून बघा. का ते सांगतो, पण त्याआधी माझ्या पार्ल्याच्या मावशीची गोष्ट, आणि ती मी सांगणारच, आमच्या प्रोड्यूसर बाई काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत तरी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मावशी पार्ल्याला एका बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराला लागून गच्ची. मी कॉलेजात होतो, रोजची डोंबिवलीची लोकल नको म्हणून तिच्याकडेच मुक्काम. आदल्या वर्षी काकांनी गच्चीचं दार नवीन बसवलेलं, ओळखीतून, स्वस्तात, ‘साग आहे साग’ असं चार-चारदा सांगून. दिसायला झकास, चॉकलेटी पॉलिश, पितळी हँडल, येईल त्या पाहुण्याला आधी दार दाखवायचे आणि मग पाणी द्यायचे. उघडायचं आतल्या बाजूला. पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात दार फुगलं, मग काय, आतून हिसका आणि बाहेरून लाथ, असं आमचं चाललेलं.

जुलैतली एक दुपार. काका ऑफिसला. गच्चीत पाणी तुंबलं, पानं अडकली असणार जाळीत, म्हणून मावशी छत्री घेऊन बाहेर गेली आणि पाऊस स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून जाताना दार जोरात ओढून घेतलं. चांगलं दोन्ही हातांनी. दार चौकटीत जाऊन जे बसलं ते बसलं. तिने जाळी साफ केली, वाऱ्याने आडवी झालेली तुळशीची कुंडी उभी केली, आणि येऊन लाथ मारली. काही नाही. आणखी एक. काही नाही. मग हाका. मी पुढच्या खोलीत ट्रान्झिस्टर कानाला लावून पडलेलो, वर पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजतोय, मला कसलं ऐकू येतंय. आता मी ह्याच माध्यमात बसून पोट भरतो म्हणून जास्त बोलत नाही, पण मावशी अजून म्हणते की रेडिओमुळे मी भिजले.

वीसेक मिनिटांनी मला छत्रीच्या दांड्याचा आवाज आला, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर ठणठण. धावलो. हँडल धरलं, एक पाय चौकटीला लावला आणि सगळा जीव लावून ओढलं, आणि मी मागे जाऊन पाण्याच्या पिंपावर आपटलो. हँडल माझ्या हातात. चारही स्क्रूंसकट. आणि त्या स्क्रूंच्या आट्यांमध्ये ओला भुसा चिकटलेला, केकमध्ये सुरी घालून काढल्यावर चिकटतो ना, तसा. दार जागच्या जागी.

गजातून मावशी माझ्याकडे बघतेय. मी हँडलकडे बघतोय. मावशी म्हणाली, ‘बघत काय बसलास, चहा टाक.’

चहा टाकला. गजातून कप-बशी जाईना, फुलपात्र गेलं. ती एका हातात छत्री, एका हातात फुलपात्र अशी तुळशीशेजारी उभी राहून चहा प्यायली, आणि मी गेलो मिस्त्रीकाकांना आणायला. नाक्यावरच राहायचे, कोकणातले सुतार, पार्ल्यातली निम्मी दारं त्यांच्या हातची. ते जेवायला बसलेले. मी धापा टाकत सगळं सांगितलं, तर शांतपणे म्हणाले, ‘जेवून येतो, ती काय कुठे जात नाय.’

आले. पटाशी आणि हातोडा, बाकी काही नाही. आल्याआल्या दाराशी झटापट करतील असं मला वाटलेलं, तर त्यांनी दारावरून नुसता तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, डॉक्टर पोट तपासतो तसा, आणि गुडघ्याच्या खाली एका ठिकाणी थांबले. म्हणाले, हितं धरलंय. मग तिथल्या फटीत पटाशी घातली आणि ओरडले, ‘ताई, तिकडून खांदा लावा, मी म्हणेन तेव्हा.’ मावशी शाळेत शिक्षिका, दुसऱ्याने सूचना दिलेली तिला चालत नाही. बाहेरून तिचाच आवाज आला, ‘मी मोजते. एक, दोन, साडेमाडे तीन!’ आणि दार उघडलं, मावशी आत, मिस्त्रीकाका बाजूला, मी परत पिंपावर. मावशीचं पहिलं वाक्य, ‘गॅस बंद केलास का?’ केला नव्हता.

आता खरी गंमत पुढे आहे. मिस्त्रीकाकांनी मला काकांचा दाढीचा आरसा आणायला सांगितला, तो हिरव्या प्लॅस्टिकचा गोल आरसा, प्रत्येक घरात असायचा. पोटावर झोपले आणि आरसा दाराखाली सरकवला. मला म्हणाले बघ. मी पण झोपलो. समोरून चॉकलेटी चकचकीत असलेलं ते दार खालच्या कडेला उघडं होतं, ना रंग, ना पॉलिश, कोरं लाकूड, काळं पडलेलं, चहात बुडवलेल्या पावासारखं. त्यांनी खिळा टोचला, तो आत गेला. म्हणाले, ‘दाराला सदरा घातलाय, धोतर नेसवायचं विसरलेत.’

मी म्हटलं मग आता रंधा मारून टाका. तर नाही म्हणाले. ‘आत्ता रंधा मारला तर दिवाळीत त्याच फटीतून मांजर येईल.’ भिजलेलं लाकूड फुगलेल्या मापावर तासलं की वाळल्यावर ते आखडतं आणि दार ढिलं पडतं. म्हणून त्यांनी कडांना मेणबत्ती घासून दिली, हँडलच्या जागी सुतळी बांधून दिली, आणि काकांच्या त्या नामांकित दाराला चार महिने सुतळी लटकत होती. पाहुण्यांना दार दाखवणं बंद. दिवाळीनंतर आले, दार उतरवलं, दोन स्टुलांवर उन्हात आडवं ठेवलं, कुजलेली खालची पट्टी कापून सागाची नवीन बसवली, आणि मला चिंधी देऊन वरच्या आणि खालच्या कडेला तेल पाजायला बसवलं, अळशीचं तेल. दोन दिवस पीत होतं ते. मग त्यावर रंगाचे तीन हात. ते दार बिल्डिंग पाडली तोपर्यंत कधी अडलं नाही.

बाई म्हणतायत अर्धा वेळ संपला. संपू दे.

तर कारण ऐका. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. झाडात पाणी ज्या नळ्यांतून वर चढायचं त्या नळ्यांची तोंडं दाराच्या उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकाला उघडी पडतात, आणि गच्चीतलं पाणी तिथून वर चढतं. पृष्ठभागातून जेवढं शिरतं त्याच्या कितीतरी पट तिथून शिरतं. आणि लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं, म्हणून दार खालच्या बाजूला चौकटीत रुततं. साग असला तरी. सागात स्वतःचं तेल असतं, तो कमी फुगतो, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, सगळं खरं. १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाचं एक जहाज बांधलं, एचएमएस त्रिंकोमाली, ते आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. आपल्याला पार्ल्यात एक दार दोन पावसाळे टिकवता येत नाही! पण जहाज बांधणारे कोरी कड सोडत नव्हते, एवढाच फरक.

आणि साग कोणता हेही विचारा. हल्ली दुकानात कशालाही टीक म्हणतात, हे टीक ते टीक, टीक फिनिश म्हणजे तर लाकडाचा फोटो. गाभ्याचा साग सोनेरी तपकिरी असतो, कडेचा पांढुरका भाग म्हणजे वाळवीचा खाऊ, तो दारात नको. रे रोडला दारूखान्यात लाकडाच्या वखारी आहेत, तिथे घनफुटावर भाव असतो, पण ओळखणारा माणूस बरोबर न्या. जुन्या चाळी पडतायत त्यांची दारं-चौकटी ओशिवऱ्याला जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. मला विचाराल तर शंभर वर्षांचं वाळलेलं लाकूड आणखी कुठे मिळणार, फक्त आतले खिळे काढून घ्या, नाहीतर सुतार तुम्हाला शिव्या घालेल.

बजेट नसेल तर फ्लश डोअर घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना प्लाय चिकटवलेलं सपाट दार, वाईट काही नाही, पण बाहेरच्या बाजूसाठी बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यात न सुटणारा गोंद लागतो, आणि त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २२०२ हा नंबर असायला हवा. प्लायवर ७१० बघतात, दारावर २२०२. मात्र फ्लश डोअर मापात बसेना की फिटिंगवाला खालून अर्धा इंच उडवतो आणि तसंच टांगतो. म्हणजे पुन्हा कोरी कड. म्हणून परत सांगतो, खालून बघा, आणि दार बसवल्यावर पुन्हा एकदा खालून बघा.

आत उघडायचं की बाहेर? बाहेर उघडलं तर वारा दाराला चौकटीवर दाबून बसवतो, पाणी कमी येतं, खोलीतली जागा वाचते. पण मुंबईत एक भानगड आहे. गच्ची गळली की सोसायटी वॉटरप्रूफिंग करते, जुन्यावर नवीन विटांचा कोबा, दर वेळी चार-पाच इंच, आणि एक दिवस गच्ची तुमच्या उंबऱ्याच्या वर जाते आणि बाहेर उघडणारं दार कोब्याला अडून उघडतच नाही. तेव्हा उंबरा उंच ठेवा. उंबऱ्याला ठेच लागते म्हणून काढून टाकणारे लोक मला कळतच नाहीत, आपल्या आज्या वेड्या होत्या का? आणि त्याच लोकांनी गॅलऱ्या बंद करून बेडरूममध्ये घेतल्या, आणि आता हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरून त्याला गार्डन म्हणतात, त्यात कबुतरं अंडी घालतात. असो.

काच हवी असेल तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, आणि माप आधी नीट घ्या, टफन्ड काच नंतर कापता येत नाही. बिजागऱ्या लोखंडी नकोत, खाऱ्या हवेत गंजतात, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या, तीन तरी. वर छज्जा असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात. पॉलिशवर मला दहा मिनिटं बोलायचं होतं, ते राहिलं.

गेल्या महिन्यात मी स्वतः दार घ्यायला गेलो, आमच्या पॉकेट टेरेससाठी, म्हणजे फ्लॅटला लागून असलेल्या छोट्या गच्चीसाठी. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे, तिने फोनवर बजावलेलं, आरसा ने. नेला. दुकानातला पोरगा प्रीमियम प्रीमियम करत होता, तेवढ्यात मी खाली बसून आरसा सरकवला. तो घाबरला, ‘काका, काही पडलं का?’ मी म्हटलं बघ. त्याने वाकून बघितलं. कोरं. म्हणाला, ‘काका, पण खाली कोण बघतं?’ म्हटलं माझी मावशी. तो हसला, मग माझ्या हातातला आरसा घेतला आणि रांगेतली बाकीची दारं एकेक करून खालून बघायला लागला. मला स्टूल दिलं, चहा आला, कागदी कपात, ज्यात चहाला कपाचीच चव येते. सतरा दारं होती. खालून रंगवलेलं एकच निघालं, मागे भिंतीला टेकवलेलं, धूळ खात पडलेलं.

तेच घेतलं. नमस्कार.