पोटाचा नकाशा, छातीसाठी

सीटी स्कॅन म्हटलं की इथे बसलेल्या बऱ्याच जणींच्या पोटात गोळा येतो. साहजिक आहे. आजवर तुमचा प्रत्येक स्कॅन काहीतरी शोधायलाच झाला: गाठ केवढी आहे, कुठवर पोचली, परत तर नाही ना आली. आज ज्या स्कॅनबद्दल मी बोलणार आहे, तो रोग शोधायला करत नाहीत. कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतर पोटाच्या चरबीतून नवा स्तन करायचं ठरलं, तर सर्जनला आधी पोटातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा हवा असतो. तो काढून देणं हे आम्हा रेडिओलॉजिस्टांचं काम. ज्यांना इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तन, बसवायचं आहे त्यांना पोटाचा हा स्कॅन लागत नाही. त्या ताईंनी आज निवांत ऐकावं.

बेंबीखालची कातडी आणि चरबी नुसती कापून छातीवर ठेवली, तर ती जगणार नाही. तिची रक्तवाहिनी तिच्याबरोबर न्यावी लागते आणि छातीतल्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडावी लागते. 1982 मध्ये अमेरिकेत सर्जन हार्ट्रॅम्फ यांनी पोटाच्या स्नायूसकट तो भाग वर नेण्याची पद्धत मांडली. पद्धत चालली, पण स्नायू गेल्यामुळे पोटाची भिंत कमजोर व्हायची, हर्नियाची धास्ती राहायची. 1989 मध्ये जपानच्या कोशिमांनी दाखवलं, की स्नायू जागेवर ठेवून त्यातून नुसती वाहिनी सोडवून घेता येते. पुढे 1992 मध्ये अमेरिकेतच रॉबर्ट ॲलन यांनी ते तंत्र स्तनासाठी वापरलं. डॉक्टर मंडळी त्याला ‘डीप (DIEP) फ्लॅप’ म्हणतात; फ्लॅप म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेला भाग. बाईचं पोट वाचलं, सर्जनची मात्र परीक्षा सुरू झाली.

इंदूरकरांना ही परीक्षा समजावणं सोपं आहे. जलूदहून नर्मदेच्या पाण्याची मोठी लाइन येते, पण तुमच्या नळाला धार कशी येणार ते घराच्या फरशीखालून आलेल्या बारीक कनेक्शनवर ठरतं. पोटातही जांघेतून एक मुख्य धमनी वर येते, पोटाच्या उभ्या स्नायूच्या मागून जाते, आणि तिच्या बारीक फांद्या स्नायू भेदून चरबीत शिरतात. या फांद्या, म्हणजे परफोरेटर, साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीच्या. कुठली फांदी दमदार, कुठली नावापुरती, कुठली स्नायूतून सरळ येते आणि कुठली लांब वळसा घेते, हे बाहेरून कळत नाही. दोन बायकांची पोटं सारखी नसतात. अहो, एकाच बाईची डावी-उजवी बाजूसुद्धा सारखी नसते.

पूर्वी सर्जन पेनएवढा डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, पोटावर फिरवून आवाज ऐकायचे. आजही ऑपरेशनच्या आधी तो फिरवतात. पण आवाजावरून फांदीचा स्नायूतला रस्ता दिसत नाही, आणि भलत्याच वाहिनीचा आवाजही फसवतो. 2006 मध्ये बार्सिलोनाच्या मासिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी सीटी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हापासून फांदीची निवड ऑपरेशनच्या टेबलावर न होता आदल्या दिवशी खुर्चीत बसून होऊ लागली. आम्ही बेंबी शून्य धरतो आणि लिहून देतो: डावीकडे 2.5 सेंटिमीटर, खाली 1 सेंटिमीटर, इथे चांगली फांदी आहे. ऑपरेशनच्या सकाळी सर्जन त्याच मापाने पोटावर पेनाने खूण करतात.

आता मापं बेंबीपासून घ्यायची, म्हणून एक बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची. स्कॅनच्या वेळी परकराची नाडी, इलास्टिक, पोटाचा पट्टा, काहीच आवळलेलं नको. नाडीने चरबी दाबली की नकाशातलं अंतर आणि खरं अंतर जुळत नाही. गाउन देतात तो घाला, लाजू नका.

हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं. रेडिएशननंतर ज्यांचा खांदा आखडलाय त्यांनी आधी सांगा, उशी-टेकू देऊन जमवता येतं. ज्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हाताला शक्यतो सुई लावत नाहीत. तेही टेक्निशियनला आठवणीने सांगायचं. रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं आयोडीनचं औषध शिरेतून गेलं की अंग गरम होतं, तोंडात लोखंडासारखी चव येते, कधी लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. औषध देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, पाहतात. किडनीचा त्रास, आयोडीनची ॲलर्जी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, यातलं काही असेल तर लपवू नका. सीटी जमत नसेल तर एमआरआय किंवा कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आहे. डॉप्लरला किरणं लागत नाहीत, पण तो करणारा हात तयार हवा.

(एका काकूंनी विचारलं: “माझी दोन सिझेरियन झालीत, मग पोट चालेल का?”)

बहुतेक वेळा चालतं, काकू. आडव्या टाक्यात वरवरच्या शिरा कापल्या गेलेल्या असू शकतात, खोलवरची धमनी सहसा शाबूत असते. उभा टाका असेल तर रक्त त्या व्रणापलीकडे नीट जात नाही, मग अनेकदा अर्धंच पोट वापरता येतं. पोट सपाट करायचं ऑपरेशन आधी झालं असेल तर मात्र त्या फांद्याच कापलेल्या असतात. सर्जन मग मांडी किंवा पाठीकडे वळतात. म्हणून अगदी नसबंदीचा छोटा टाकासुद्धा सांगा. तीस वर्षांपूर्वीचा आहे, त्याचं काय, असं म्हणू नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. स्कॅन नकाशासाठी असला तरी पोट दिसतंच. पित्ताशयातला खडा, हर्निया, क्वचित लिव्हरवर डाग, असं काही दिसलं तर ते आम्हाला लिहावंच लागतं. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं, कधीतरी पुढची जाँच करावी लागते. रिपोर्ट घरी एकटीने वाचत बसू नका.

आणि सर्जनकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. आमचं लिहिलेलं ते वाचतातच, पण फांदी स्नायूतून कशी वळते ते त्यांना स्वतः स्क्रीनवर फिरवून पाहायचं असतं.